कपाटातले स्वेटर आणि रानातली लोकर

खान्देशात स्वेटर झिजत नाही, तोकडा होतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांनी भाजून काढणाऱ्या जळगाव-भुसावळात थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. पण ती पडते तेव्हा अशी पडते, की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदलेला पारा दर हिवाळ्यात बातमीचा विषय होतो. त्यामुळे स्वेटर घरोघरी लागतोच, आणि वर्षातले नऊ-दहा महिने तो डांबरगोळ्यांच्या वासात ट्रंकेत पडून राहतो. तेवढ्यात मुलं वाढतात, बाही मनगटाच्या वर सरकते, चेन अडकायला लागते आणि पुढच्या मार्गशीर्षात नवा स्वेटर येतो. जुन्याचं अंग धडधाकट असतं, त्याचं काय करायचं हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

अलीकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळतं. जुना स्वेटर गरम पाण्यात घालून आटवा, कापा, शिवा, त्यावर सुईने रंगीत लोकर टोचून फुलं-पानं काढा आणि पिशव्या, टोप्या, खेळणी करा. या टोचकामाला नीडल फेल्टिंग म्हणतात. अमेरिका-युरोपात त्याचे वर्ग चालतात, आपल्याकडेही सुया आणि लोकर घरपोच येते. पण हे उत्तर ज्या देशांत तयार झालं, तिथल्या कपाटात मेंढीच्या लोकरीचा स्वेटर असतो. धुळ्या-जळगावच्या कपाटात काय आहे, हे आधी पाहायला हवं. थोडक्यात सांगायचं तर शिवणकाम आपल्याकडे पूर्ण चालतं, टोचकाम अर्धंच चालतं आणि नुसतं आटवणं बहुतेकदा फसतं. तिन्हींचं कारण धाग्यात आहे.

स्वेटर येतो कुठून, जातो कुठे

दोन पिढ्यांपूर्वी स्वेटर घरी विणला जाई. १९३० मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्करांच्या ‘स्त्री’सारख्या मासिकांनी विणकामाचे नमुने मराठी घरांत पोचवले. लोकर येई कानपूरच्या लाल इमलीची किंवा पंजाबातल्या धारीवालची. मग कॅशमिलॉन आलं. ते स्वस्त, रंगाला पक्कं, अंगाला न टोचणारं आणि कसर न लागणारं. कॅशमिलॉन म्हणजे ॲक्रिलिक, खनिज तेलापासून काढलेला धागा. पुढे हातचं विणकाम मागे पडलं आणि लुधियानाचा होजिअरी माल आला. हिवाळ्यात शहराशहरांत रांगेने लागणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या दुकानांतला बराचसा मालही तिकडचाच. शाळेचे निळे-मरून स्वेटर तर जवळपास सगळेच ॲक्रिलिकचे.

यातली गंमत अशी, की जळगाव लोकरीला अनोळखी नाही. रेमंडने १९७९ मध्ये इथे लोकरी कापडाचा कारखाना काढला. पण ते कापड सुटाबुटाचं. गावातल्या पोराच्या अंगावरचा स्वेटर पंजाबातून आलेल्या प्लॅस्टिकच्या धाग्याचाच राहिला.

जुन्या स्वेटरला चार वाटा आहेत. पहिली भावंडांची: थोरल्याचा धाकट्याला, धाकट्याचा मावशीच्या मुलाला. ही वाट सगळ्यात चांगली, आणि कुटुंबं लहान झाल्यापासून सगळ्यात अरुंद. दुसरी भांडीवालीची. पण ती सुती पँट आणि जरीच्या साडीवर जीव टाकते. गोळे आलेल्या स्वेटरवर वाटीसुद्धा देत नाही. तिसरी दानाची. दर डिसेंबरात चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर उबदार कपड्यांचे गठ्ठे जातात. त्यात चेन तुटलेले, काखेत उसवलेले स्वेटरही बेधडक कोंबलेले असतात. घेणाऱ्याकडे शिलाई मशीन नाही हे ठाऊक असून आपण दुरुस्ती त्याच्यावर ढकलतो आणि त्याला दान म्हणतो.

चौथी वाट भंगारातून पानिपतला जाते. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरी चिंध्या पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढण्याची युक्ती शोधली. त्या धाग्याला ‘शॉडी’ म्हणतात, आणि त्याचं आजचं मोठं केंद्र पानिपत आहे. देशोदेशीचे जुने कपडे तिथे येतात. बायका बटणं आणि चेनी कापून काढतात, कपडे रंगांनुसार वेगळे होतात आणि त्याच रंगाचं सूत निघतं, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. दुष्काळ-पुरात वाटल्या जाणाऱ्या करड्या कांबळी याच सुताच्या. हा धंदा मोठा आहे, पण पॉलिस्टरच्या मऊ, हलक्या ब्लँकेटांनी त्याचं गिऱ्हाईक पळवलं आहे. शिवाय त्याला माल लागतो ट्रकांच्या हिशेबाने. अमळनेरच्या एका घरातले चार स्वेटर तिथवर पोचत नाहीत. ते घंटागाडीत जातात.

आधी धागा ओळखा

म्हणून जुन्या स्वेटरला कात्री लावण्याआधी तो कशाचा आहे ते पाहावं. दुकानात सगळंच ‘वुलन’ असतं, त्यावर विसंबू नये. शिवणीच्या आतून दोन-तीन धागे काढावेत, चिमट्यात धरून वाटीवर पेटवावेत. मेंढीची लोकर कष्टाने पेटते, ज्योत बाजूला नेली की विझते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक भसकन पेटतं, वितळतं, काळा धूर काढतं आणि मागे काळा कडक मणी ठेवतं. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणं थोडी थोडी दिसतात.

पेटवायचं नसेल तर कसर साक्ष देते. कसरीची अळी प्राण्यांच्या केसातलं केराटिन खाते. ॲक्रिलिकमध्ये तिला खायला काही नसतं. ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून ज्या स्वेटरला भोकं पडली, त्यात खरी लोकर असण्याची शक्यता मोठी. म्हणजे आपण ज्याला सगळ्यात खराब समजून बाजूला टाकतो, तोच या कामाला सगळ्यात सोन्यासारखा.

फरक एवढा महत्त्वाचा का? लोकरीच्या केसावर छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की केस एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि परत सुटत नाहीत. विणीचे फासे बुजतात, कापड आटून जाड होतं आणि कापलं तरी उसवत नाही. काश्मीरचा, राजस्थानातल्या टोंक-मालपुऱ्याचा आणि कच्छचा नमदा याच गुणावर उभा आहे. ॲक्रिलिकला खवले नसतात. तो स्वेटर उकळत्या पाण्यात घाला, तासभर बडवा, तो ढिला आणि बेढब होईल पण नमदा होणार नाही. त्यावर कडक इस्त्री फिरली तर धाग्यातला फुगीरपणा कायमचा जातो आणि कापड मेल्यासारखं लोंबतं. ‘मशीनमध्ये धुता येईल’ अशी चिठ्ठी असलेली लोकरही सहसा आटत नाही, कारण कारखान्यातच तिच्या खवल्यांवर प्रक्रिया झालेली असते.

ॲक्रिलिकचा दुसरा दोष धुण्यात आहे. इंग्लंडातल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात असं आढळलं. तेव्हा जुन्या ॲक्रिलिक स्वेटरच्या अशाच वस्तू कराव्यात, ज्या वारंवार धुवाव्या लागत नाहीत. गरम भांडं उतरवायचं फडकं तर त्याचं कधीच करू नये. ते वितळून हाताला चिकटेल.

शिवणकाम: आपल्या हातातलं

शिवणकामाला धाग्याची जात आड येत नाही, आणि इथे खान्देशाचा हात कुणाहून कमी नाही. हा कापसाचा मुलूख. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या कापडावर कित्येक घरं चालली. जुनं सुती कापड फुकट घालवायचं नाही हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. गोधडी म्हणजे तेच: वर-खाली मऊ झालेली लुगडी, पोटात धोतरं, चादरी, परकर, आणि कडेकडेने सुरू होऊन मध्याकडे सरकत जाणारा धावदोरा. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातल्या सिद्दींची कवंदी ही तिचीच भावंडं.

गोधडीच्या पोटात स्वेटर घालणं हा त्याचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी पुनर्वापर. बाह्या आणि शिवणी कापून पाठ-पोटाचे सपाट तुकडे करायचे, जाड पट्ट्या बाजूला काढायच्या, तुकडे एकावर एक न चढवता शेजारी शेजारी मांडून सुती थरावर टाचायचे. अंगाला लागतं सुती लुगडं, ऊब देतो आतला स्वेटर, आणि वर सुती खोळ चढवली की धुवायची वेळ वर्षातून एखाद्या वेळीच येते. एक सावधगिरी: सगळाच भराव स्वेटरचा केला तर गोधडी ओली झाल्यावर उचलवत नाही आणि लवकर वाळत नाही. एकच थर पुरे.

कापणं हा नवख्यांना घाबरवणारा भाग, कारण कात्री लागताच विणीचे फासे सुटू लागतात. नियम साधा आहे: आधी शिवा, मग कापा. जिथे कापायचं त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना टीप घाला, मगच मधून कात्री चालवा. घरच्या साध्या मशीनवर विणीचं कापड ताणून लहरी पडतात. त्यावर उपाय म्हणजे खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारायची आणि नंतर कागद फाडून काढायचा. सुई गोल टोकाची घ्यावी, नेहमीची टोकदार सुई धागा चिरते. आणि गल्लीत पिको-फॉलचं दुकान असेलच; त्यांच्या इंटरलॉक मशीनवर कडा मारून घेतल्या की निम्मं काम झालं.

मग काय काय होतं? बाहीचे पायमोजे किंवा गरम पाण्याच्या पिशवीची खोळ. घेराच्या पट्टीची कानटोपी, कारण ती पट्टी मुळातच ताणणारी असते. मोठ्याच्या स्वेटरचं लहानाचं जाकीट, पुढचं बटणपट्टीचं अंग तसंच ठेवून. सायकलच्या सीटचं आवरण, उशीचा अभ्रा, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याची पट्टी. यातली एकही वस्तू प्रदर्शनात ठेवण्याजोगी नाही, पण रोज हाताशी लागते.

शिवण्याआधीची जुनी वाट म्हणजे उसवणं. आजीच्या काळी स्वेटर उसवून लोकर गुंडाळली जाई, तिच्या लडी धुवून खाली वजन बांधून वाळत घालत, म्हणजे वळ्या जाऊन धागा सरळ होई, आणि त्याच लोकरीचा पुढच्या वर्षी दुसरा स्वेटर. आजही हे होतं, पण प्रत्येक स्वेटरचं होत नाही. स्वेटर उलटा करून बाजूची शिवण पाहावी. दोन सलग कडा साखळीसारख्या टाक्याने जोडलेल्या दिसल्या तर टाका सोडताच अख्खा पल्ला एका धाग्यात उसवत येतो. शिवणीवर इंटरलॉकची दाट जाळी दिसली तर तो कापून शिवलेला आहे. उसवायला गेलात तर दर ओळीला तुटका तुकडा हाती येईल. असा स्वेटर शिवणकामालाच ठेवावा.

सुई काय करते

फेल्टिंगची सुई शिवायच्या सुईसारखी नसते, तिला नेढं नसतं. तिचं पातं बहुधा तीनधारी असतं आणि धारांवर खालच्या दिशेने कापलेल्या बारीक खाचा असतात. सुई आत जाताना वरचे तंतू त्या खाचांत अडकून खाली ओढले जातात. बाहेर येताना ती मोकळी येते आणि तंतू आतच राहतात. असं शेकडो वेळा टोचलं की सैल पुंजका घट्ट होतो. कारखान्यांत हजारो सुयांचे पट्टे लावून गालिचे आणि मोटारींची आतली अस्तरं अशीच बनतात. हाताने एकेक सुई घेऊन कलाकुसर करणं अमेरिकेत १९८० च्या दशकात सुरू झालं.

इथेच ॲक्रिलिकवाल्यांना थोडी आशा आहे. सुईला खवले लागत नाहीत, ती तंतू नुसते गुंतवते. म्हणून आटवण्याचा प्रयोग ज्या स्वेटरवर फसतो, त्यावरही वरून खरी लोकर टोचता येते. पकड मात्र कच्ची असते. ती पक्की करायला उलट्या बाजूनेही टोचावं आणि नक्षीच्या कडेने बारीक धावदोरा घालावा. म्हणजे सुई आणि शिवण एकमेकींना सांभाळून घेतात. कसर लागलेल्या खऱ्या लोकरीच्या स्वेटरवर तर ही सुई रफूगाराचं काम करते. भोकाच्या आत स्पंजचा तुकडा ठेवायचा, वर त्याच रंगाचा लोकरीचा पातळ पुंजका पसरायचा, टोचायचं, उलटवून पुन्हा टोचायचं. रफूसाठी धागा शोधायला नको आणि वीण जुळवायला नको. त्याआधी स्वेटर कडक उन्हात झटकून कसर मात्र पूर्ण घालवावी.

सुईच्या अंकात आकडा जितका लहान तितकी सुई जाड: भरड लोकरीला ३६, सर्वसाधारण कामाला ३८, वरच्या सफाईला ४०. ती सरळ घालायची, सरळच काढायची. तिरकी वळवली की मोडते. मोडलेलं टोक खेळण्यात राहिलं तर मुलाच्या हातात जाईल, म्हणून तयार खेळण्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ते हातावेगळं करू नये.

रानातली लोकर

टोचायला लोकर हवी, आणि ती बहुतेक जण परदेशी मेरिनोची मागवतात. इकडे धुळे, साक्री, नंदुरबारच्या माळांवर ठेलारी मेंढपाळांचे वाडे फिरतात. त्यांच्या मेंढ्यांची लोकर भरड, केसाळ, काळी-करडी. एक दख्खनी मेंढी वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास लोकर देते. घोंगड्या घरोघरी होत्या तोवर तिला गिऱ्हाईक होतं. घोंगडीची जागा ब्लँकेटने घेतली आणि लोकरीचा भाव कातरणीच्या मजुरीलाही पुरेना. उन्हाळा सरताना मेंढ्या कातरल्या जातात, कारण पावसात भिजलेली लोकर अंगावर त्रास देते, आणि पुष्कळदा ती लोकर तिथेच टाकली जाते. दख्खनी लोकरीवर सुरेश एरियत यांनी केलेल्या ‘देसी ऊन’ या लघुपटाला २०२५ च्या ॲनेसी महोत्सवात पुरस्कार मिळाला तेव्हा शहरातल्या अनेकांना हा प्रश्न पहिल्यांदा कळला.

ही लोकर अंगाला टोचते, स्वेटरला चालायची नाही. पण टोचकामाला भरड लोकर मेरिनोपेक्षा लवकर घट्ट होते. काळा, तपकिरी, करडा, मळकट पांढरा हे रंग न रंगवता मिळतात, आणि बैल, मेंढी, चिमणी, घुबड यांना दुसरे रंग लागतात कुठे? कष्ट आहेत ते सफाईचे. कातरलेल्या लोकरीत धूळ, गोखरू, काड्या असतात. रिठ्याच्या कोमट पाण्यात ती नुसती बुडवून ठेवावी. चोळली तर टबातच नमदा होईल. वाळल्यावर कडक, ठिसूळ केस वेचून टाकावेत, ते गुंतत नाहीत. मग पिंजणं. कुत्र्याचे केस विंचरायचे दोन तारांचे ब्रश समोरासमोर ओढले तरी घरगुती कामापुरतं भागतं.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला आहे. तिथे कातरणीच्या दिवसांत लोकर वेचून, रंगांनुसार वेगळी करून बचतगटांना देण्याची सोय झाली तर मेंढपाळाला चार पैसे सुटतील आणि बायकांना कच्चा माल जिल्ह्यातच मिळेल. आज मेंढपाळ, गोधडी शिवणारी बाई आणि स्वेटर फेकणारं घर हे तिघे एकाच तालुक्यात राहतात, पण त्यांची गाठ पडत नाही.

पैसा किती सुटतो

इथे स्वतःला फसवू नये. टोचून केलेल्या बोटभर बैलाला काही तास लागतात. शेतमजुरीच्या दराने त्या तासांची किंमत लावली तर बाजारातल्या मशीनच्या खेळण्यापुढे तो बैल महाग ठरतो, आणि न लावली तर आपण त्या बाईला फुकट राबवलं. जुन्या स्वेटरच्या पिशवीचंही तसंच. कच्चा माल फुकट असला तरी तो धुणं, कापणं, रंग जुळवणं यात नव्या कापडापेक्षा जास्त वेळ जातो, आणि प्रत्येक वस्तू वेगळी असल्याने शंभर नगांची मागणी घेता येत नाही.

याला अपवाद शाळेच्या स्वेटरचा. एकाच शाळेचे स्वेटर एकाच रंगाचे आणि एकाच विणीचे असतात. ढिगाने मिळाले तर त्यांच्या एकसारख्या वस्तू होतात. त्याहून शहाणपणाचं म्हणजे शाळेने मार्चमध्ये तोकडे झालेले स्वेटर जमा करावेत, दुरुस्त करावेत आणि डिसेंबरात खालच्या वर्गांना द्यावेत. उरतील त्यांनाच कात्री लावावी. कायमचा पैसा दुरुस्तीत आहे, नव्या वस्तूत नाही. चेन बदलणं, मनगटाची पट्टी नवी घालणं, कोपराला ठिगळ, कसरीच्या भोकाला सुई, ही कामं पिको-फॉलच्या दुकानात एक पाटी लावून सुरू होतात. दानाचे गठ्ठे सातपुड्यात पाठवणाऱ्या मंडळांनी गठ्ठा बांधण्याआधी तो अशा दुकानातून फिरवून आणला तर दुकानाला काम मिळेल आणि घेणाऱ्याला घालता येईल असा स्वेटर.

टोचकामाची विक्री होईल ती हंगाम साधला तर. श्रावण अमावास्येला पोळा, मग भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, मग दिवाळी, आणि थंडीत जळगावच्या बहिणाबाई महोत्सवासारखी बचतगटांची प्रदर्शनं. करड्या लोकरीचा बैल आणि लाल स्वेटरचं लुगडं नेसलेली भुलाबाई यांना इथलंच गिऱ्हाईक आहे. परदेशी नमुन्याचे ससे आणि हरणं इथे कोण घेणार?

कामाचं वेळापत्रकही हवामानच ठरवतं. चव्वेचाळीस अंशांत मांडीवर लोकर घेऊन कुणी बसत नाही. म्हणून स्वेटर फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा करून धुवून ठेवावेत, मेंढ्यांची लोकर पावसाआधीच्या कातरणीतून घ्यावी, आणि शिवण-टोचण्याचं काम पेरण्या आटोपल्यावर आषाढ-श्रावणाच्या झडीत करावं. एवढं ज्या गटाला जमेल त्याने बैल आणि भुलाबाईचा विचार करावा. ज्याला जमणार नाही, त्याने घरातल्या प्रत्येक स्वेटरची चेन तपासावी आणि दिवाळीच्या आत ती बदलून घ्यावी. खान्देशातले बहुतेक स्वेटर तेवढ्यावरच आणखी चार हिवाळे निघतील.